पाच अक्षरी इंग्रजी शब्द, शेवटचं अक्षर एकच: यादी कशी लावावी?

पाटीपेन्सिल

मराठी माध्यमातल्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी इंग्रजी स्पेलिंगचा सराव तयार करते आहे. जोडीला फळ्यावर वर्डलसारखा (सहा संधींत लपवलेला पाच अक्षरी शब्द ओळखायचा) खेळ घ्यायचा आहे, म्हणून पाच अक्षरी शब्दच धरलेत. "पाच अक्षरी, ई-ने संपणारे" अशा तयार याद्या जालावर ढिगाने आहेत, पण सगळ्या ए-पासून झेडपर्यंत सरळ लावलेल्या. त्यात हॉर्स, हाऊस, हिंज एकाखाली एक येतात. तिघांच्याही शेवटी ई आहे, पण हिंजमधला ई वेगळ्या कामाचा आहे आणि यादीवरून ते कळत नाही. मुलं मग नुसतं पाठ करतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात कोणत्या शेवटापासून करावी? एका शेवटाखालच्या शब्दांचे पोटगट कसे पाडावेत? आणि यादी स्वतः गाळून काढायची तर काय सांभाळावं?

एक विनंती: जिथे स्पेलिंग महत्त्वाचं असेल तिथे अक्षरं जोडरेघेने लिहा, उदा. प्लेन, पी-एल-ए-एन-ई. म्हणजे घोळ होणार नाही.

शब्दगाळणी

पहिल्या प्रश्नाला आकडेच उत्तर देतील. वर्डल बनवणाऱ्या जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला तेव्हा त्याच्या उत्तरयादीत २३१५ शब्द होते. ही यादी सरावाला फार चांगली, कारण ती रोजच्या वापरातल्या शब्दांची आहे. त्यातले शेवट असे पडतात:

ई ४२४, वाय ३६४, टी २५३, आर २१२, एल १५६, एच १३९, एन १३०, डी ११८, के ११३. इथून एकदम उतार लागतो: ए ६४, ओ ५८, पी ५६, एम ४२, जी ४१, एस ३६, सी ३१, एफ २६, डब्ल्यू १७, बी आणि आय प्रत्येकी ११, एक्स ८, झेड ४, यू १. व्ही, जे आणि क्यू शून्य.

ई आणि वाय मिळून ७८८, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे जास्त. पुढचे टी आणि आर धरले की १२५३, निम्म्याहून अधिक. तेव्हा ई आणि वायवर बहुतेक वेळ घालवा. त्यानंतर के आणि एल घ्या, कारण तिथे नियम चांगले लागतात. टी, आर, एन, डी यांच्या शेवटात नियमासारखं फारसं काही नाही. जसा उच्चार तसं अक्षर, त्यामुळे तिथे मुलं कमी चुकतात.

एसचा आकडा बघून गोंधळू नका. याच यादीत एस-ने *सुरू* होणारे शब्द ३६६ आहेत आणि संपणारे फक्त ३६. कारण बुक्स, कार्स असली साधी अनेकवचनं उत्तरांत घेतलेलीच नाहीत. उरले ते ग्लास, क्लास, फोकस, व्हायरस अशा जातीचे. अंदाज म्हणून खेळ जे शब्द स्वीकारत असे ती पूर्ण यादी १२९७२ ची, आणि तिच्यात जवळपास ३० टक्के शब्द एस-ने संपतात. दोन याद्यांचे आकडे एकमेकांत मिसळले की सगळे निष्कर्ष चुकतात. जालावरच्या बऱ्याच याद्यांत हेच झालेलं दिसतं.

जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला, त्यानंतर यादीत बदल होत गेले. वरचे आकडे मूळ यादीचे आहेत.

मोडीवाचक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. शेवटचा ई स्वतः बोलत नाही, तो आधीच्या अक्षरांसाठी काम करतो. म्हणून पोटगट पाडायचे ते कामावरून. पाच अक्षरी शब्दांत सहा कामं सापडतात.

पहिलं काम, आधीचा स्वर लांबवणं. चार अक्षरी शब्दाला ई लावला की पाच अक्षरी होतो, त्यामुळे या गटाच्या जोड्याच करता येतात:
प्लॅन – प्लेन
स्लिड – स्लाइड
ट्विन – ट्वाइन
स्पिन – स्पाइन
ग्रिम – ग्राइम
ग्लॉब – ग्लोब
स्लॉप – स्लोप
क्रड – क्रूड
स्टार – स्टेअर, स्कार – स्केअर
ए-चा ॲ होता तो ए होतो, आय-चा इ होता तो आइ होतो, ओ-चा ऑ होता तो ओ, यू-चा अ होता तो ऊ. शेवटची ओळ आर-मुळे जरा वेगळी वाजते, ती सर्वांत शेवटी द्या.

दुसरं, सी आणि जी मऊ करणं. डान्स, फेन्स, व्हॉइस, पीस. लार्ज, रेंज, हिंज, जज. ई काढला तर सी-चा क आणि जी-चा ग होईल.

तिसरं, व्ही-ला आधार देणं. इंग्रजी स्पेलिंगची जुनी सवय अशी की शब्द व्ही-वर थांबवायचा नाही. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन वळणं होती, शेवटी एकटं आलं तर स्वर की व्यंजन हे कळायचं नाही. म्हणून सॉल्व्ह, नर्व्ह, व्हॉल्व्ह, लीव्ह, ग्लव्ह. इथे ई-ने स्वर लांबवलाच पाहिजे असं नाही. गिव्ह आणि हॅव हे चार अक्षरी शब्दही याच घरातले.

चौथं, "हे अनेकवचन नाही" हे सांगणं. डेन म्हणजे गुहा, तिचं अनेकवचन डी-ई-एन-एस, उच्चार डेन्झ. ई लावला की डेन्स, म्हणजे दाट. तसंच टी-ई-एन-एस आणि टेन्स, एल-ए-पी-एस आणि लॅप्स ई-सकट. हॉर्स, नर्स, हाऊस, गूस याच गटात बसतात.

पाचवं, टी-एच-चा थ होता त्याचा द करणं. बाथ नाम, बी-ए-टी-एच. बेद क्रियापद, बी-ए-टी-एच-ई. लेद म्हणजे लेथ मशीनचा तोच शब्द, कारखान्यात आपण थ म्हणतो पण मूळ उच्चार द-चा. गट लहान आहे, दोन ओळींत आटपा.

सहावं, एल-ई. टेबल, टायटल, ॲपल, अंकल. प्रत्येक उच्चारखंडात एखादं स्वराचं अक्षर लिहिलेलं हवं, म्हणून एल-च्या मागे ई. मराठी कानाला "बल" ऐकू येतं आणि मुलं टी-ए-बी-ई-एल लिहितात. सर्वांत जास्त चुका या गटात सापडतील.

मोडीवाचक

एल-ई-बद्दल एक राहिलं. पाच अक्षरांच्या मर्यादेमुळे इथे एक सुंदर गोष्ट घडते. आधीचा स्वर ऱ्हस्व असेल तर मधलं व्यंजन दुहेरी लिहावं लागतं: लिटल, बॉटल, मिडल, पडल. पण त्यांची सहा अक्षरं झाली, म्हणजे ते यादीबाहेर. पाचात बसायचं तर शब्द स्वरानेच सुरू व्हायला हवा, जसा ॲपल. म्हणून व्यंजन, स्वर, व्यंजन, एल, ई अशा पाच अक्षरी शब्दांत पहिला स्वर लांबच सापडतो: टेबल, केबल, मेपल, टायटल, रायफल, नोबल, ब्यूगल, बायबल. अंकल, अँकल, अँगल यांत दोन वेगळी व्यंजनं शेजारी आहेत, म्हणून तिथे स्वर ऱ्हस्व राहतो.

आणि ही जोडी फळ्यावर जरूर लिहा: अँगल म्हणजे कोन, ए-एन-जी-एल-ई. एंजल म्हणजे देवदूत, ए-एन-जी-ई-एल. अक्षरं तीच पाच. जी-च्या पुढे एल आला तर ग, ई आला तर ज. शेवट एल-ई की ई-एल हे इथे पाठ करावं लागत नाही, उच्चारच सांगतो.

ई-एल-ने संपणारे पाच अक्षरी बहुधा एम, एन, व्ही, डब्ल्यू यांच्यानंतर येतात: कॅमल, पॅनल, नॉव्हेल, टॉवेल. लेबल, मॉडेल, हॉटेल मात्र वेगळे लक्षात ठेवायचे.

पाटीपेन्सिल

फारच उपयोगी. अँगल-एंजल लगेच टिपून घेतलं. आता वाय-चे ३६४ कसे फोडायचे?

मोडीवाचक

वाय-चे बरेचसे शब्द विशेषणं आहेत, आणि पाच अक्षरी विशेषण घडवायच्या वाटा मोजून तीन.

चार अक्षरी नाम अधिक वाय: डस्ट–डस्टी, रेन–रेनी, विंड–विंडी, सॉल्ट–सॉल्टी, सँड–सँडी.

तीन अक्षरी नाम, शेवटचं व्यंजन दुहेरी, अधिक वाय: सन–सनी, फन–फनी, फॉग–फॉगी, मड–मडी. व्यंजन दुहेरी केलं नाही तर आधीचा स्वर लांब वाचला जाईल.

पाच अक्षरी नाम, शेवटचा ई काढून वाय: स्टोन–स्टोनी, स्मोक–स्मोकी, स्पाइस–स्पायसी, नॉइज–नॉइझी, ज्यूस–ज्यूसी, शेड–शेडी. ई गेला आणि वाय आला, म्हणजे अक्षरं पाचच राहिली. नेहमीची चूक इथली आहे: ई तसाच ठेवून एन-ओ-आय-एस-ई-वाय लिहितात. सी मऊ ठेवायचं काम आता वाय करतो, त्यामुळे स्पायसी आणि ज्यूसीत ई-ची गरज उरत नाही.

मुलांना नाम द्यायचं आणि कोणत्या वाटेने जायचं ते विचारायचं. एका पानावर तिन्ही वाटांची दहा-दहा नामं मिसळून दिली तर यादी पाठ करायची वेळच येत नाही.

उच्चाराचं: शेवटचा वाय बहुतेक वेळा ई वाजतो, हॅपी, फनी. शब्दाचा जोर शेवटच्या भागावर असेल तर आय वाजतो: अप्लाय, रिप्लाय, इम्प्लाय, जुलै. मराठीत आपण जुलै म्हणतो त्यामुळे तो जोर ऐकू येत नाही, इंग्रजी उच्चार जुलाय.

एल-वाय-चे सॅडली, बॅडली सरळ आहेत. ट्रूली मात्र टी-आर-यू-एल-वाय, ट्रू-चा ई जातो. आणि फुली-मध्ये दोनच एल, तीन नाहीत.

कुंपणावरचा

के आणि सी-के-चं कोणी सांगेल का? ब्लॅकला सी-के आणि ब्रेकला नुसता के का?

मोडीवाचक

आधी काय आहे ते पाहायचं. एक ऱ्हस्व स्वर असेल तर सी-के: ब्लॅक, ब्रिक, क्लॉक, स्टक, स्पेक. दोन स्वराक्षरं असतील तर नुसता के: स्पीक, क्लोक, क्रीक, ब्रुक. तोडफोडवाला ब्रेक म्हणजे बी-आर-ई-ए-के, त्यात ई-ए आहे, म्हणून के. गाडीचा ब्रेक, बी-आर-ए-के-ई, हा ई-च्या पहिल्या गटात जातो. दोन्ही पाच अक्षरी, उच्चार एकच, शेवट वेगळे. आधी व्यंजन असेल तरी नुसता के: थिंक, ब्रिस्क, क्लर्क.

एकट्या सी-वर संपणारे पाच अक्षरी शब्द बहुधा दोन उच्चारखंडांचे: म्युझिक, मॅजिक, कॉमिक, बेसिक, टॉपिक, पॅनिक. यांच्या शेवटी पूर्वी के असायचा, सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात म्युझिक सी-के-नेच आहे. तो के अजून पूर्ण गेलेला नाही. पॅनिकचा भूतकाळ करताना परत येतो: पी-ए-एन-आय-सी-के-ई-डी.

एल, एफ, एस-चं गणित जवळपास असंच. एकच ऱ्हस्व स्वर आणि एकच उच्चारखंड असला की दुहेरी: शेल, ड्रिल, क्लिफ, स्टिफ, ग्लास, क्रॉस. दोन स्वराक्षरं आली की एकेरी: स्टील, ट्रेल, ब्रीफ. मात्र एस एकेरी राहिला तर अनेकवचन वाटेल, म्हणून तिथे चौथ्या गटातला ई येऊन बसतो: गूस, लूस.

आगगाडी

खेळाच्या बाजूने थोडं. रंगांची खूण आधी: हिरवा म्हणजे अक्षर बरोबर जागी, पिवळा म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, राखाडी म्हणजे नाही. शेवट सापडला की मुलांना वाटतं जिंकलो, आणि नेमकं तिथेच सहा संधी संपतात. कारण चार अक्षरं सारखी असलेले डबे एकामागे एक लागलेले असतात.

आय-जी-एच-टी: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट.
ओ-यू-एन-डी: बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, वूंड.
ए-टी-सी-एच: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच.
एस-एच-ए, मग एक जागा रिकामी, मग ई: शेड, शेक, शेल, शेम, शेप, शेअर, शेव्ह.

एकेक डबा तपासत गेलात तर ओ-यू-एन-डी-ला वाईटात वाईट आठ फेऱ्या लागतात. त्याऐवजी जिंकण्यासाठी नसलेला, फक्त पहिली अक्षरं चाळणारा शब्द टाका. बी-आर-यू-एस-एच घ्या. बी, आर, एस, एच यांतलं एखादं रंगलं तर उत्तर तिथेच कळलं. चारही राखाडी आले तर उरले एफ, एम, पी, डब्ल्यू. मग एफ-आर-यू-एम-पी टाका. एफ, एम, पी-पैकी एक रंगेल, नाहीतर डब्ल्यू नक्की. यू दोन्ही वेळा तिसऱ्या जागी हिरवा येईल, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. म्हणजे फार तर तीन फेऱ्यांत आठ डबे संपतात.

ए-टी-सी-एच-साठी सी-एल-ए-एम-पी. एल, एम, पी यांचा रंग सरळ वाचायचा. सी-ला सावध राहा: तो शेवटात आहेच, त्यामुळे किमान पिवळा येणारच. हिरवा आला तरच कॅच. काहीच नाही तर बॅच, हॅच, वॉच एवढे तीन उरतात.

हार्ड मोडमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण हिरवं अक्षर त्याच जागी आणि पिवळं शब्दात कुठेतरी वापरावंच लागतं. तिथे काळजी आधी घ्यायची. दुसऱ्या फेरीतच शेवटची चार अक्षरं पक्की होतील असा शब्द टाळायचा.

आगगाडी

आणि दुहेरी अक्षरांचं. शेवटचा ई हिरवा झाला म्हणजे शब्दात दुसरा ई नाही असं ठरत नाही: व्हेअर, देअर, दीज, गीस, एलीट. सी-आर-ए-एन-ई टाकून फक्त शेवटचा ई हिरवा आला तर दुसऱ्या ई-बद्दल काहीच कळलेलं नसतं. उलट असा दोन ई असलेला, ई-नेच संपणारा शब्द टाकला आणि उत्तरात एकच ई शेवटी असेल, तर पहिला ई राखाडी दिसेल. मुलं म्हणतात "ई आहे म्हणतो आणि नाही पण म्हणतो". फळ्यावर खेळ घेताना रंग तुम्हीच भरणार, तेव्हा हा नियम बरोबर पाळा: आधी हिरवे भरून टाका, मग उरलेल्या अक्षरांना पिवळा द्यायचा का ते पाहा.

वाय हिरवा असेल तर मोडीवाचकांची दुसरी वाट आठवा. तिसरं-चौथं अक्षर एकच असण्याची शक्यता मोठी असते: सनी, फॉगी, हॅपी, हॉबी, बेरी, सिली, पपी.

पंधरा_घरे

स्क्रॅबल खेळणाऱ्यांना शेवटाची यादी वेगळ्या कारणाने लागते. पटावर आधीच असलेल्या शब्दाच्या शेवटी एक अक्षर जोडून आपला शब्द आडवा घालायचा असतो. पी-एल-ए-एन असेल तर ई, के, एस, टी चारही बसतात. जोडलेल्या शब्दाचे पूर्ण गुण मिळतात, शिवाय आपल्या नव्या शब्दाचे.

सोंगट्या १००. त्यात ई १२, एस फक्त ४, वाय २, कोऱ्या २. म्हणून एस दहा-बारा गुणांसाठी उडवत नाहीत. सातही सोंगट्या एकदम लावल्या की ५० जास्तीचे मिळतात, त्यासाठी एस राखून ठेवतात. ई किंवा वाय जिथे चालेल तिथे एस वापरू नये. डस्टला एस-ही लागतो आणि वाय-ही, तेव्हा वाय लावा. त्याचे चार गुण आहेत, एस-चा एक.

व्ही, जे, क्यू शून्य हे वर्डलच्या यादीपुरतं खरं. स्क्रॅबलच्या कोशात या अक्षरांनी संपणारे शब्द आहेत. व्ही: रेव्ह, शिव्ह, लव्हचं बोली रूप एल-यू-व्ही. भारतात आणि ब्रिटनमध्ये चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत स्पिव्ह आणि चॅव्ह-ही. क्यू: टी-आर-ए-एन-क्यू, टी-ए-एल-ए-क्यू.

आणि जे-चं घर तर जवळपास आपलंच: राज, ताज, स्वराज, आणि पाच अक्षरांत समाज, एस-ए-एम-ए-जे. मुलांना हे नक्की सांगा. इंग्रजी शब्द जे-वर संपत नाही, डी-जी-ई किंवा जी-ई घेतो: बॅज, लेज, लार्ज. जे-वर संपणारा दिसला तर तो बाहेरून आलेला, आणि पुष्कळदा आपल्याकडून.

मोडीवाचक

हेच आय-ला लागू आहे. अलिबाय, रॅबाय, फंगाय, कॅक्टाय, खाकी, स्वामी. लॅटिन, हिब्रू, हिंदुस्तानी, पण अस्सल इंग्रजी नाही. इंग्रजीला शेवटी आय नको असतो, तो वाय घेतो. स्वामीला मुलं वाय लावतात ते या सवयीनेच, ते चूक असलं तरी कारण समजण्यासारखं आहे.

रकाना

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शब्द एक्सेलच्या एका रकान्यात टाका. शेजारी चार रकाने करा: लांबी मोजणारं लेन सूत्र, आणि राइट सूत्राने शेवटचं एक, शेवटची दोन, शेवटची तीन अक्षरं. लांबी ५ गाळा, मग शेवटचं एक, मग दोन, मग तीन या क्रमाने लावा. सगळे एल-ई, सगळे सी-के, सगळे व्ही-ई आपोआप एकत्र येतात. नुसती संख्या हवी तर काउंटइफला चार प्रश्नचिन्हं आणि पुढे अक्षर द्या.

अडतं ते इथे:

प्लेनची लांबी ६ येते. शब्दामागे रिकामी जागा चिकटलेली आहे. ट्रिम लावा. तरीही ६ असेल तर ती वेबपानावरून आलेली न तुटणारी जागा, क्रमांक १६०. ट्रिम तिला हात लावत नाही, सबस्टिट्यूटने काढावी लागते. विंडोजवर साठवलेली फाइल लिनक्सच्या ग्रेपमध्ये (नमुन्याने ओळी शोधणारी आज्ञा) घेतली तर ओळीच्या शेवटी क्रमांक १३ चं अदृश्य चिन्ह राहतं. मग "^....", अक्षर, "$" असा नमुना एकही शब्द देत नाही आणि माणूस नमुन्यातच चूक शोधत बसतो.

एक्सेलमध्ये फॉल्स हा शब्द, एफ-ए-एल-एस-ई, तर्कमूल्य बनतो. मग लेन-राइटने मोजलेली संख्या आणि काउंटइफची संख्या यांत एकाचा फरक पडतो. शब्द चिकटवण्याआधी रकाना टेक्स्ट प्रकारचा करा.

लिनक्ससोबतच्या शब्दयादीत कॅट-चं षष्ठीचं रूप असतं, सी-ए-टी, वरचं स्वल्पचिन्ह (अपॉस्ट्रॉफी), एस. संगणकाला ती पाच चिन्हं. एस-ची यादी त्यामुळे अशा रूपांनी भरून जाते. ठिपक्यांऐवजी "लहान ए ते झेड" असा गट लिहा, म्हणजे विशेषनामंही गळतील.

कुंपणावरचा

हेच सूत्र मराठी शब्दांवर चालेल का? शब्दकोड्यासाठी "चार अक्षरी, क-ने संपणारे" हवेत.

रकाना

असंच नाही. संगणक चिन्हं मोजतो, अक्षरं नाही. पुस्तकची लांबी ६ येते: प, उकार, स, हलन्त, त, क. क्षत्रियची ८. मराठीवर राइट लावलं तर कधी नुसती वेलांटी हातात येते. ग्रेपच्या पी पर्यायात उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स हा नमुना पूर्ण अक्षर पकडतो, पण जोडाक्षर एक धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या प्रणाली क्षत्रियची पाच अक्षरं मोजतील, तो नियम पाळणाऱ्या तीन. आधी याच शब्दावर तपासून बघा.

पाटीपेन्सिल

पानं आखली. ई-ची सहा, वाय-ची तीन, के-सी-चं एक, एल-एफ-एस-चं एक, पाहुण्या शब्दांचं एक. अडलंय फक्त ओ-व्ही-ई-पाशी. ग्लोब आणि ग्लव्हमध्ये एकच अक्षर वेगळं आहे, मग ग्लव्हचा ग्लोव्ह का नाही, हा प्रश्न येणारच. ग्लव्ह कोणत्या पानावर घालू?

मोडीवाचक

व्ही-च्या पानावर, तीन रकाने करून. ओ वाजणारे: स्टोव्ह, ड्रोव्ह, ग्रोव्ह, क्लोव्ह. अ वाजणारे: ग्लव्ह, अबव्ह, शव्ह. ऊ वाजणारा: प्रूव्ह. पहिल्या रकान्यात ई दोन कामं करतो, स्वरही लांबवतो आणि व्ही-लाही धरतो. दुसऱ्यात फक्त व्ही-ला धरतो.

दुसऱ्या रकान्यात अ-साठी यू हवा होता, ओ का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण हस्ताक्षराचं आहे. जुन्या लेखनात यू, व्ही, एन, एम या सगळ्यांच्या उभ्या रेघा सारख्या दिसत, शेजारी आल्या की वाचता येत नसत. म्हणून लेखनिक त्यांच्याजवळचा यू ओ करून लिहीत. मनी आणि हनी, म्हणजे पैसा आणि मध, यांतला ओ तसाच, आणि ते दोन्ही तुमच्या वाय-च्या पानावर आहेतच. ग्लव्ह शिकवाल त्या दिवशी ते पान पुन्हा उघडा.